सातबाऱ्यावर नसलेली नोंद

"लग्न ठरवताना आपण सात पिढ्या खणून काढतो, आणि जागा घेताना सात फूटसुद्धा खणत नाही!"

हे वाक्य आमच्या एन्व्हायर्नमेंटच्या मॅडमचं. दुपारी दोनचं लेक्चर, मेसमध्ये नुकताच मसालेभात झालेला, त्यामुळे निम्मा वर्ग समाधी अवस्थेत. मीही त्यातलाच. पण वाक्य कानावर पडलं आणि गंमत म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, मेसच्या हिशोबाच्या शेजारी. ते वाक्य पुढं आमच्या घराचे अडतीस लाख वाचवेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजला असता. (उधारीवर, अर्थात.)

मित्रांनो, गोष्ट गेल्या दिवाळीतली आहे.

आमच्या अण्णांचं साताऱ्यात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, शेडचे ट्रस, मिळेल ते काम. बावीस वर्षं भाड्याच्या जागेत काढली. जागामालक दर तीन वर्षांनी भाडं वाढवणार, अण्णा दर तीन वर्षांनी "आता स्वतःची जागा घ्यायचीच" म्हणणार, आणि आई दर तीन वर्षांनी "घ्या की" म्हणणार, असा कार्यक्रम मी लहानपणापासून बघत आलोय. गेल्या वर्षी मात्र खरंच योग आला. गावाकडची वीस गुंठे जमीन विकली, थोडं आईचं सोनं, उरलेलं बँकेचं कर्ज. आणि एमआयडीसीच्या हद्दीबाहेर, रस्त्याला लागून एक बिनशेती प्लॉट मिळाला. वर तयार शेड, थ्री फेज कनेक्शन, एक बोअर. आजूबाजूला पन्नासच्या खाली कुणी बोलत नव्हतं, आणि हा गडी अडतीसमध्ये द्यायला तयार! विकणारा अण्णांच्या ओळखीचा. अण्णांनी दोन लाख विसार देऊन टाकला आणि मला सांगलीला फोन केला, "इंजिनियरसाहेब, दिवाळीत या, आपली जागा बघायला."

अण्णांनी चौकशी केली नव्हती असं नाही हं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला होता. सातबारा बघितला, फेरफार बघितले, बिनशेतीचा आदेश बघितला, बोजा नाही याची खात्री केली. मोजणी करून हद्दी बघितल्या. शेडच्या एका कॉलमला हातोडी मारून आवाजसुद्धा ऐकला. आमच्याकडं जागा घेताना जेवढं बघतात तेवढं सगळं झालं होतं. सातबाऱ्याचं सात म्हणजे मालकी आणि बारा म्हणजे पिकं. जमीन कुणाची, तिच्यावर कर्ज किती, ज्वारी होती का भुईमूग, सगळं त्यात असतं. पण त्या जमिनीत कुणी काय ओतलं, याचा रकाना सातबाऱ्यात नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जागेवर गेलो. अण्णा वर बघत होते, ट्रस कसे आहेत, गंज किती आहे. मी खाली बघत होतो. (सर्व्हे कॅम्पपासून लागलेली सवय. तिथं खाली बघितलं नाही तर पाय खड्ड्यात जातो.) शेडच्या मागच्या कोपऱ्यात कोबा खाल्ल्यासारखा झाला होता. भिंतीच्या पायाला हातभर उंचीपर्यंत पिवळट डाग, मधेच हिरवट झाक. बाहेर एका ठिकाणी शहाबादी फरश्या टाकून काहीतरी झाकलेलं. त्या पट्ट्यात गवताची एक काडी नाही. आणि दिवाळीत साताऱ्यात गवत कुठं नसतं सांगा मला!

रस्त्यापलीकडं एका मावशींची चहाची टपरी आहे. अण्णा विकणाऱ्याशी बोलत होते तेवढ्यात मी तिकडं जाऊन चहा घेतला. सहज विचारलं, "मावशी, हितं आधी काय होतं?"

"पालिशचं काम चालायचं बाबा. सायकलीचं, मोटारसायकलीचं सामान चकचकीत करून द्यायची. वास असा यायचा, डोळं चुरचुरायचं. बंद हून धा-बारा वरसं झाली."

पॉलिश म्हणजे प्लेटिंग. चकचकीत म्हणजे क्रोम. माझ्या पोटातला चहा जागीच थांबला.

मावशी पुढं म्हणाल्या, "आमच्या हापशाला बी कवा कवा पिवळं पाणी येतंय. प्यायला न्हाय घेत, भांडी घासायला चालतंय."

आता थोडं लेक्चर. झोपू नका, दोन मिनिटांत संपवतो.

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असतं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, क्रोमियम सहा. रंग पिवळा ते नारिंगी, पाण्यात झकास विरघळतं. वस्तू टाकीतून काढून धुतली की ते धुवण जातं कुठं, हा खरा प्रश्न. रीतसर कारखान्यात ते आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियम तीनमध्ये बदलतात, मग चुना टाकून गाळ खाली बसवतात, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा पाठवतात. बेरीतसर कारखान्यात शोषखड्डा असतो. क्रोमियम तीन मातीला धरून बसतं. सहा मात्र पाण्याबरोबर चालायला लागतं. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली भेगाळलेला बेसाल्ट. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते खरी, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या वळवाचं पाणी त्या भेगांतून सरळ मुरमात, तिथून खडकाच्या चिरांत. चीर कुठं जाते ते जमिनीच्या मालकाला विचारून जात नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नको असं आपलं भारतीय मानक सांगतं. सहा नंबरचा क्रोमियम कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

तमिळनाडूत राणीपेटला एक क्रोमेटचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि दीड लाख टनांहून जास्त क्रोमियमचा कचरा उघड्यावर तसाच राहिला. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात तर एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांमुळं विहिरींचं पाणी लालसर झालं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९६ मध्ये कोर्टानं सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची. निकाल नामी, पण विहिरी काही निकाल वाचून स्वच्छ होत नाहीत.

असो. रात्री जेवताना मी हळूच विषय काढला. अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, "आपल्याला काय तिथलं पाणी प्यायचंय व्हय? वेल्डिंग करायचंय."

बिनतोड! मॅडमच्या ओरलला उभं राहिल्यासारखा मी गप्प. आई तेवढी म्हणाली, "त्याला बघू तर द्या. शिकायला घातलंय कशाला मग?"

दुसऱ्या दिवशी बोअरचं पाणी एका बिसलेरीच्या बाटलीत आणि फरशीशेजारची माती एका पिशवीत घेऊन मी एस.टी.नं सांगलीला निघालो. बाटली डोक्यावरच्या रॅकवर. कंडक्टर म्हणाले, "पाव्हणं, ते काय हाय पिवळं?" मी म्हटलं, "सॅम्पल." शेजारचे आजोबा कराडपर्यंत माझ्यापासून चार बोटं लांब बसले.

लॅबमध्ये मॅडमसमोर बाटली ठेवली. मला वाटलं शाबासकी मिळणार. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"सॅम्पल कधी घेतलं?"

"काल सकाळी."

"बर्फात ठेवलं होतं?"

"...नाही."

"आणि कंट्रोल कुठाय?"

तिन्हीला शून्य. क्रोमियम सहाचं पाण्याचं सॅम्पल थंड ठेवून चोवीस तासांत तपासावं लागतं, नाहीतर वाटेतच त्याचं रूप बदलू शकतं. आणि कंट्रोल, म्हणजे त्याच भागातली पण त्या शेडचा संबंध नसलेली माती आणि पाणी, ते नसेल तर जे सापडलं ते शेडचं की मुळातच जमिनीचं, हे ठरवणार कसं? आपण तीन वर्षं जर्नलमध्ये 'प्रिकॉशन्स' म्हणून जे मागच्या बॅचचं उतरवून काढतो ना, ते हे. त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की ते कुणीतरी ठेच लागून लिहिलेलं असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा सातारा. या वेळी कुल्फीवाल्याकडून मागून आणलेला थर्माकोलचा डबा आणि बर्फ. पण जाण्याआधी मॅडमनी एक काम सांगितलं होतं, "खणायच्या आधी वाचा." जुनी गूगल अर्थची चित्रं मागं मागं सरकवून बघितली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चित्रात शेडच्या मागं एक तांबूस ठिपका, आणि तिथून ओढ्याकडं गेलेली बारीक रेघ. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रं असतात, कारखाना उभारायची वेगळी आणि चालवायची वेगळी. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात मोडतं. अशी संमती त्या गट नंबरवर कधी होती का, हे विचारायला साधा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. जागेचा उतार कुठं, ओढा कुठं, वरच्या अंगाला कुणाची विहीर, हे बघून कंट्रोलची जागा ठरवली. रस्त्याच्या वरच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं विहिरीचं पाणी दिलं आणि वर दोन पेरूही दिले.

सोमवारी सकाळी लॅबच्या मामांनी टेस्ट ट्यूब मांडून दिल्या. माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून गाळून घेतली. दोन थेंब सल्फ्युरिक ॲसिड, मग डायफेनिल कार्बाझाइड. पेरूवाल्या विहिरीचं पाणी: पाण्यासारखं पाणी. तिथली माती: काही नाही. शेडमागची माती: जांभळी. बोअर: जांभळी. अशी जांभळी की मामासुद्धा म्हणाले, "आयला, जांभूळच पिळल्यासारखं झालं की!" ५४० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं तर बोअरचं पाणी मर्यादेच्या कितीतरी पट वर.

एरवी प्रॅक्टिकलला अपेक्षित रंग आला की आपल्याला काय आनंद होतो! त्या दिवशी मला तो रंग यायला नको होता.

मॅडम म्हणाल्या, "हे आपल्यासाठी. कागदावर हवं असेल तर मान्यताप्राप्त लॅबकडून करून घ्या." तेही केलं. रिपोर्ट आला. तेच.

परदेशात यालाच एन्व्हायर्नमेंटल ड्यू डिलिजन्स म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम मावशींच्या टपरीवर सुरू होतं. पहिल्या टप्प्यात जुनी कागदपत्रं, जागेची पाहणी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं. संशय आला तर दुसऱ्या टप्प्यात माती-पाण्याची तपासणी. घाण सापडली तर तिसऱ्यात निस्तरणं. अमेरिकेत हे रुजलं ते नायगारा फॉल्सच्या लव्ह कॅनालनंतर. तिथं एका केमिकल कंपनीनं रसायनं पुरलेली जागा १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेखही होता. तरी वर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली, आणि १९७८ मध्ये माणसं घरं सोडून निघाली. १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा आला. त्यानं नव्या मालकालाही सफाईच्या खर्चात ओढलं, तेव्हा तिथले खरेदीदार आणि बँका आधी माती विचारायला लागले. आपल्याकडं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. जागा शोधायच्या, तपासायच्या आणि ज्याच्यामुळं झालं त्याच्याकडून खर्च घ्यायचा, असा त्यांचा गाभा. पण आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदासुद्धा कलम ५५ मध्ये सांगतोच की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे.

आणि आपण तरी अमेरिकेला कशाला जायचं? सांगलीतच बघा. माझ्या रूम पार्टनरच्या काकांनी गणपती पेठेत दुकान घेतलं तेव्हा टायटल आरशासारखं स्वच्छ होतं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, आणि दुकानात माल पोहायला लागला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाची लाल रेषा, हे नकाशे पाटबंधारे खात्याकडं असतात. काकांनी ते पुरानंतर बघितले. हरिपूरला तर जमिनीत हळदीची पेवं. वीस-पंचवीस फूट खोल, वरून कळतही नाही. पिढ्यान्‌पिढ्या हळद त्यात सुखरूप राहिली. २००५ च्या पुरानं बरीच पेवं गेली. जुनी माणसं सांगतात, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. हरिपुरात जागा घेणारा शहाणा माणूस आधी विचारतो, "खाली पेव आहे का?" म्हणजे बघा, ड्यू डिलिजन्स आपल्याला नवीन नाही. फक्त पेवात हळद आहे की आणखी काही, एवढाच प्रश्न नवीन.

रिपोर्ट घेऊन घरी गेलो. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. इंग्रजी होता, तरी वाचला. मग मला विचारलं, "कामाची पोरं त्या बोअरवरच हात धुणार, न्हवं? दुपारची भाकरी तिथंच खाणार."

मी मान हलवली.

"आन उद्या मीच विकायची म्हटली तर मला सांगावं लागंल."

"हो."

अण्णांनी रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाले, "मग न्हाय घ्यायची."

विकणाऱ्यानं आधी हात झटकले. "मी पण दुसऱ्याकडनं घेतलीय, मला काय ठाऊक?" ते खरंही असेल. विसारातले एक लाख परत मिळाले, एक लाख गेले. अण्णा म्हणाले, "फी भरली समज. तुझ्या कॉलेजपेक्षा स्वस्तात पडली." आई देवापुढं साखर ठेवून आली. मला वाटलं गोष्ट संपली.

संपली नव्हती. जानेवारीत अण्णांना कळलं की तीच शेड शेजारच्या गावातला एकजण घेतोय. मसाल्याचं युनिट टाकायला. मिरची-हळद कुटायची, पॅकिंग करायचं, बायका कामाला. विकणारा अण्णांचा वीस वर्षांचा ओळखीचा, एकमेकांच्या घरच्या लग्नांत पंगती वाढलेल्या. आपण सुटलो, आता आपल्याला काय, असं म्हणता आलं असतं. खरं सांगू? मी तेच म्हटलं. परीक्षा तोंडावर होती, कटकट नको वाटत होती.

अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या माणसाला फोन केला, वर्कशॉपवर बोलावलं आणि रिपोर्ट त्याच्या हातात दिला. मग त्याच रिपोर्टची झेरॉक्स लावून प्रदूषण मंडळाच्या साताऱ्याच्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली. आणि संध्याकाळी टपरीवर जाऊन मावशींना सांगितलं, हापशाचं पाणी भांड्यालासुद्धा नको. मावशी म्हणाल्या, "मग आणू कुठनं?" याचं उत्तर अण्णांकडं नव्हतं. सध्या वरच्या पेरूवाल्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून त्यांना रोज दोन कॅन मिळतात. मंडळाच्या माणसांनी येऊन सॅम्पल नेलंय. पुढचं पुढं. विकणारा अण्णांशी बोलत नाही. मध्यंतरी एका लग्नात समोरासमोर आले, त्यानं तोंड फिरवलं. अण्णा घरी आल्यावर बराच वेळ नुसते बसून होते.

आम्ही अजून भाड्याच्याच जागेत आहोत.

मित्रांनो, आपल्यातले निम्मेअधिक उद्या कुठल्या ना कुठल्या जागेवर सही करणार आहेत. कुणी सिव्हिलवाला व्हॅल्युएशन करेल, कुणी मेकॅनिकलवाला स्वतःचं युनिट टाकेल, कुणी आयटीवाला पुण्यात ऑफिस घेईल. तेव्हा सातबारा बघाच, पण समोरच्या टपरीवर एक चहाही घ्या. गवत कुठं उगवत नाही ते बघा. बोअरला झाकण का आहे ते विचारा. आणि बाजारभावापेक्षा बारा लाख स्वस्त मिळत असेल, तर ते बारा लाख जमिनीत कुठं पुरलेत ते आधी शोधा.

एक शेवटचं. त्या शेडमागचा ओढा पुढं कृष्णेला मिळतो. कृष्णा कराडवरून सांगलीला येते. आपल्या हॉस्टेलच्या टाकीत येतं ते तिचंच पाणी. इथवर येईतो त्या शेडचं त्यात काही उरत नसेल, हे मला गणितानं माहीत आहे. तरी रात्री अभ्यास करताना बाटली तोंडाला लावली की, मावशींचा "मग आणू कुठनं?" हा प्रश्न आठवतो. तो अजून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. मॅडमच्या वाक्याच्या खाली, मेसच्या हिशोबाच्या शेजारी.

— अंतिम वर्ष, स्थापत्य